डांगाणाचें रान

(आकाशवाणीवरील भाषण)



अभयारण्य हा शब्द कानीं पडला कीं शहरांतील बहुतेक मंडळींच्या डोळ्यांसमोर एक पट्टेवाला वाघ उभा राहतो. तो जीपगाडीच्या वाटेवर, सकाळच्या कोवळ्या उन्हांत, जणूं छायाचित्र काढून घेण्यासाठींच थांबलेला असतो. आमच्या अरण्यांत असा वाघ नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. ज्यांना त्याच्याच भेटीची ओढ असेल त्यांनीं खुशाल ताडोब्याकडे जावें. ज्यांना झाड, पाऊस, खार, काजवा अशा लहानसहान गोष्टींतहि रस वाटतो, त्यांच्याशीं पुढील पंधरा मिनिटें मला बोलावयाचें आहे.

मी राहतों तें राजूर, अकोले तालुक्यांत, प्रवरेच्या खोऱ्यांत. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें; आमच्या पिढीच्या तोंडीं अजून नगरच येतें. बाहेरच्या लोकांना राजूर ठाऊक आहे तें पेढ्यांसाठीं आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठीं. पेढ्यांविषयीं बोलण्याजोगें पुष्कळ आहे, पण तो मोह आवरतों. डांगी बैलाविषयीं मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या कातडीवर एक तेलकट स्राव असतो. चार महिने धो धो पावसांत उभें राहिलें तरी ह्या जनावरास बाधत नाहीं. इतर जातीचीं गुरें तेथें खोकून मरतील. जनावराच्या कातडीनेंसुद्धां जेथें पावसाची दखल घेतली, त्या मुलुखाला आम्ही डांगाण म्हणतों. राजूरच्या पश्चिमेस थेट सह्याद्रीच्या कड्यांपर्यंत तो पसरला आहे.

ह्याच डांगाणांत १९८६ सालीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालें. क्षेत्र सुमारें ३६१ चौरस किलोमीटर. एका बाजूस १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, महाराष्ट्रांत त्याहून उंच दुसरें नाहीं. दुसऱ्या बाजूस हरिश्चंद्रगड आणि त्याचा तो प्रसिद्ध कोंकणकडा. आणि मध्यें रतनगड, जेथें प्रवरा उगम पावते.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हे दोन शब्द वृत्तपत्रांत एकमेकांऐवजीं वापरलेले दिसतात, परंतु कायद्यांत त्यांचा अर्थ निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणें राष्ट्रीय उद्यानांत माणसाचे हक्क संपुष्टांत आणावे लागतात. तेथें गुरें चारण्याचें नांव काढावयास नको. अभयारण्यांत कांहीं हक्क चालूं राहूं शकतात. आमचें अरण्य अभयारण्यच राहिलें, उद्यान झालें नाहीं, ह्यांत नवल नाहीं. त्याच्या पोटांत गांवें आहेत, भातखाचरें आहेत, रतनवाडीच्या अमृतेश्वरासारखें कोरीव देऊळ आहे, आणि महादेव कोळी व ठाकर लोकांच्या कित्येक पिढ्यांच्या चुली आहेत. ज्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रज सरकारनें २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें, ते ह्याच डोंगरांच्या आधारानें लढले. एतावता हें रान निर्मनुष्य असें कधींच नव्हतें.

आतां पावसाचा हिशेब. तो मांडल्याशिवाय ह्या रानाची ओळख पटत नाहीं. घाटमाथ्यावर घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या वर्षीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे निघावें तों दर दहा-बारा मैलांस पाऊस निम्मा होत जातो, आणि संगमनेरास पोंचतां पोंचतां तो चार-पांचशें मिलिमीटरांवर येऊन ठेपतो. एवढा मोठा फरक एका दिवसांत जाऊन येण्याजोग्या अंतरांत सामावला आहे. वरचें पाणी खालीं नेण्यासाठींच भंडारदऱ्याचें धरण बांधलें. १९१० सालीं काम सुरू झालें, १९२६ सालीं पुरें झालें. भिंत सुमारें २७० फूट उंच, पाणी ११,०३९ दशलक्ष घनफूट. आमच्याकडे पावसाळ्यांत दोन माणसें भेटलीं कीं रामराम झाल्यावर पहिला प्रश्न धरण किती भरलें हाच असतो, आणि हा आंकडा शाळकरी पोरालाहि पाठ असतो. पाढे पाठ नसले तरी.

ह्या पाण्यावर वाढलेल्या रानांत जांभूळ, हिरडा, बेहडा, उंबर, अंजनी हीं झाडें विशेष. माथ्यावरील वाऱ्यामुळें तीं फार उंच होत नाहींत. खुरटतात, वांकडीं होतात, आणि एकमेकांच्या फांद्यांत फांद्या गुंतवून उभीं राहतात. सुतारास तीं निरुपयोगी वाटतील. पण ह्या गुंतलेल्या फांद्यांच्या मांडवावरच आमच्या अरण्यांतील सर्वांत देखणा प्राणी जगतो.

तो म्हणजे शेकरू. शेकरू म्हणजे मोठी खार, हें वर्णन खरें पण अपुरें. नाकापासून शेपटीच्या टोंकापर्यंत तें तीन फुटांच्या आसपास भरतें, वजन दीड-दोन किलो, पाठ विटकरी, पोट फिकट, आणि शेपूट एवढें झुपकेदार कीं फांदीवर बसलेलें असतां खालून प्रथम तेंच लोंबतांना दिसतें. महाराष्ट्रानें त्यास राज्यप्राण्याचा मान दिला आहे. शेजारच्या भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं झालें, तेंहि मुख्यतः ह्याच प्राण्यासाठीं. फळें, बिया, फुलें, झाडाची साल हा त्याचा आहार. काड्या व पानें गुंफून तें चेंडूसारखें गोल घर बांधतें. एक बांधून थांबत नाहीं, जवळपास आणखी कांहीं बांधतें, आणि आज येथें तर उद्यां तेथें असा मुक्काम करतें. शत्रूला पत्ता लागूं नये ह्याची ही तजवीज.

परंतु मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे तें त्याच्या एका संवयीकडे. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाहीं. ह्या झाडावरून त्या झाडावर तें वीस फुटांपर्यंत झेप घेतें. पण ती त्याची सीमा. दोन झाडांत वीस फूट असतील तर रस्ता आहे. तीस असतील तर भिंत आहे. एखादी सडक रुंद करण्यासाठीं कडेचीं दहा जांभळें तोडलीं, तर कागदावर दहाच झाडें गेलीं अशी नोंद होते. शेकराच्या दृष्टीनें मात्र एका रानाचीं दोन रानें झालीं, आणि पलीकडच्या रानांतील उंबर पिकला कीं नाहीं हें त्यास कधींच कळणार नाहीं. नंतर त्या दहांच्या बदल्यांत कोठेंतरी शंभर रोपें लावलीं असें सांगण्यांत येतें. कोठें लावलीं आणि कसलीं लावलीं, हें विचारण्याची पद्धत नाहीं.

कसलीं, ह्या प्रश्नावरून निलगिरीची गोष्ट आठवते. १९८० नंतरच्या दशकांत सामाजिक वनीकरणाची मोठी लाट आली होती. बांधावर, सडकेच्या कडेला, पडीत जमिनींत जिकडे तिकडे निलगिरी उभी राहिली. मी नोकरी केली त्या एका शाळेच्या कुंपणालाहि तिची रांग होती. झाडें झपाट्यानें वाढलीं. सरळ, उंच, पांढुरक्या सालीचीं. गुरें त्यांना तोंड लावीत नसत, म्हणून राखणदार नको. अधिकारी पाहणीस येत आणि समाधानानें मान डोलावून जात. मुलांना मीं एकदां काम दिलें: ह्या रांगेंत किती घरटीं आहेत तें मोजा, आणि मागल्या ओढ्याकांठच्या एका जुन्या उंबरावर किती आहेत तेंहि मोजा. रांगेंत एक निघालें, तें कावळ्याचें. उंबराची मोजदाद पुरी झाली नाहीं, कारण मुंग्यांनीं मोजणारांना खालीं उतरविलें.

ह्यावरून निलगिरी वाईट झाड, असा निष्कर्ष मुलांनीं काढला. तो मीं मान्य केला नाहीं. निलगिरी आपल्या घरीं फार मोठी गृहिणी आहे. ऑस्ट्रेलियांत तिच्या सातशेंहून अधिक जाती आहेत. सिडनी शहराच्या पश्चिमेस जे निळे पर्वत आहेत, तेथील राष्ट्रीय उद्यान व त्याच्या आसपासचीं अरण्यें मिळून दहा लाख हेक्टरांवर भरतात. एवढ्या एका प्रदेशांत ह्या झाडाच्या नव्वदांहून अधिक जाती नांदतात. २००० सालीं त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पानांतील तेलाचा सूक्ष्म अंश हवेंत तरंगत राहतो, त्यामुळें दुरून ते डोंगर निळसर दिसतात, असें सांगतात. जें पान आमची शेळीसुद्धां हुंगून सोडून देते, त्याच पानावर तेथील कोआला जगतो. पानांत विष आहे आणि सत्त्व फारसें नाहीं. म्हणून तो प्राणी तें सावकाश पचवितो, आणि दिवसाचे अठरा-अठरा तास झोंप काढतो. माझ्या वर्गांतील मागच्या बांकावरील कांहीं विद्यार्थ्यांची ही माहिती ऐकून फार करमणूक झाली होती. तेथें दुसरा एक प्राणी आहे, मांजराएवढा. पायांमधील कातडीचा पडदा पसरून तो एका झाडावरून दुसऱ्यावर शंभर मीटरपर्यंत तरंगत जातो. त्याचें अन्न निलगिरीचीं पानें, आणि त्याचें घर म्हणजे जुन्या निलगिरीच्या खोडांतील ढोली. तशी ढोली पडावयास शंभरांहून अधिक वर्षें लागतात. २०१९-२० च्या भयंकर वणव्यांत ह्या निळ्या पर्वतांचा बहुतेक भाग जळाला. निलगिरीच्या सालीखालीं निद्रिस्त अंकुर असतात, त्यामुळें जळक्या खोडांना कांहीं महिन्यांत पालवी फुटली. परंतु जी ढोली जळली ती पालवीबरोबर परत येत नाहीं.

म्हणजे तेथील प्राण्याची ढोलीवांचून जी गति, तीच आमच्या शेकराची मांडवावांचून. झाड आणि त्याच्यावर जगणारे जीव ह्यांची ओळख लक्षावधि वर्षांची असते. ती ओळख रोपासोबत पिशवींत भरून आणतां येत नाहीं. आपल्याकडे टिपू सुलतानानें १७९० च्या सुमारास नंदीच्या टेकड्यांवर हें झाड लावलें. पुढें १८४३ पासून निलगिरी पर्वतांत त्याची लागवड झाली आणि त्या पर्वताचेंच नांव आपण त्यास देऊन टाकलें. सवा दोनशें वर्षें हा काळ आपल्याला मोठा वाटतो. एखाद्या किड्याला नवें पान पचविण्यास शिकावयाला तो पुरत नाहीं. कर्नाटक सरकारनें २०१७ सालीं निलगिरीच्या नव्या लागवडीस बंदी केली, ती मुख्यतः पाण्याच्या कारणासाठीं. लांकूड पाहिजे, खांब पाहिजेत, कागद पाहिजे, तर निलगिरी लावावी. तें एक पीक आहे. त्या पिकास वन म्हणूं नये, एवढेंच माझें म्हणणें.

असो. आमच्या रानांतल्या हिरड्याकडे वळतों. उन्हाळ्यांत त्याचीं कोंवळीं फळें गोळा करून वाळवितात, तो बाळहिरडा. औषधांत आणि कातडें कमावण्यांत त्याचा उपयोग. भात घरांत येण्यास अवकाश आहे, मजुरी नाहीं, पोरांच्या वह्या-पुस्तकांचे दिवस जवळ आले आहेत, अशा वेळीं ह्या फळांचे रोख पैसे होतात. डांगाणांत हिरड्यावर कुऱ्हाड चालविणारा माणूस सांपडणें कठीण, ह्याचें कारण हेंच. कायद्याची गति मात्र निराळी. अभयारण्यांतून सुकलेलें लांकूड, गवत इत्यादि कांहीं बाहेर नेऊं नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००० सालच्या फेब्रुवारींत दिला. पुढें २००६ सालीं वनहक्कांचा अधिनियम आला, आणि गौण वनोपजावर वननिवासी लोकांचा हक्क मान्य झाला. तो अभयारण्यासहि लागूं आहे. दोन्ही कागद सरकारीच. ज्या बाईच्या डोक्यावर हिरड्याची पाटी आहे तिला वाटेंत कोणता कागद भेटेल, हें पुष्कळदां वाटेंत भेटणाऱ्या माणसावर अवलंबून राहिलें आहे.

रानावर माणसाचा ताण पडतच नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं वाफ्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजावें लागतें. त्यास राब म्हणतात. ह्या राबापायीं वर्षानुवर्षें छाटलेलीं, हात तोडलेल्या माणसासारखीं दिसणारीं झाडें मीं शेंकड्यांनीं पाहिलीं आहेत. कुडासाठीं कारवी तोडतात. पण कारवी मोठी चिवट. उतारच्या उतार ती व्यापून टाकते. सात-आठ वर्षें मुकाट वाढते, आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटीं सारा डोंगर एकदम जांभळा-निळा करून, बी टाकून मरून जाते. त्या वर्षीं मधमाश्यांचें राज्य असतें.

बिबट्याविषयीं शहरांतील मंडळी हटकून विचारतात. आमच्याकडे त्यासहि वाघच म्हणतात. आश्विन वद्य द्वादशीस, आपण ज्या दिवशीं वसुबारस करतां त्याच दिवशीं, डोंगरांतले लोक वाघबारस करतात आणि वाघोबास नैवेद्य दाखवून गुरांचें रक्षण मागतात. वाघ मरूं दे, असें मागत नाहींत. तूं तुझ्या वाटेनें जा, आम्ही आमच्या, असा तो करार आहे. आतां ह्यांतील नवल पाहा. विद्या अत्रेय ह्या संशोधिकेनें आपल्या सहकाऱ्यांसह अकोले तालुक्यांतच बिबट्यांचा अभ्यास केला. तो २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. स्वयंचलित कॅमेरे लावून त्यांनीं जी गणना केली तींत दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळजवळ तितकींच तरसें. ही गणना दाट अरण्यांतली नव्हे. ऊंस आणि दाट वस्ती असलेल्या खालच्या खोऱ्यांतली. वरच्या रानांतलें पाणी धरणांत सांठलें, कालव्यानें खालीं गेलें, तेथें ऊंस झाला, आणि उंसांत बिबट्या झाला. त्याचें भक्ष्य म्हणाल तर बहुतांशीं गांवांतील कुत्रीं व इतर पाळीव जनावरें. अभयारण्याची हद्द नकाशावर रेघ ओढून दाखवितां येते, पण ती बिबट्यास दाखवितां आलेली नाहीं.

गिधाडांचें मात्र दुःख आहे. माझ्या लहानपणीं गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलें कीं तासाभरांत आकाश भरून जाई, आणि संध्याकाळपर्यंत केवळ सांपळा उरे. मग गुरांना देण्यांत येणाऱ्या एका वेदनाशामक औषधानें, डायक्लोफेनॅकनें, त्यांचा घात केला. औषध दिलेलें जनावर मेलें आणि गिधाडानें खाल्लें कीं त्याचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००६ सालीं जनावरांसाठीं ह्या औषधावर बंदी आली, पण तोंवर देशभरांतील गिधाडें शेंकडा पंचाण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं होतीं. सह्याद्रीच्या कड्यांत उरलेलीं थोडीं अजून घरटीं करतात.

शेवटीं काजवे. त्यांच्यासाठींच आपल्यांतील पुष्कळजण हल्लीं भंडारदऱ्यास येतां, म्हणून त्यांविषयीं थोडें स्पष्ट बोलतों. मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारों काजवे एकाच तालांत चमकूं लागतात. सारें झाड एकदम पेटतें, एकदम विझतें. मोठा पाऊस लागला कीं खेळ संपतो. हा प्रकाश आपल्या करमणुकीसाठीं नाहीं. तो नराचा मादीस आणि मादीचा नरास संदेश आहे. मादी बहुधा खालीं, झुडपांत किंवा गवतांत असते. अंडीं ओल्या मातींत, पाल्याखालीं. अळी जवळजवळ वर्षभर तेथेंच राहून गोगलगाई खाते, आणि पंख फुटल्यावर तिच्या वांट्यास येतात ते फार तर कांहीं आठवडे. त्या आठवड्यांत विवाह झाला तर पुढच्या वर्षीं काजवे.

अशा ह्या लग्नमंडपांत एका शनिवारीं रात्रीं शेंकडों मोटारी येतात. पुढचे दिवे पूर्ण लावलेले, हातांत विजेऱ्या, कोठें गाणीं. त्या उजेडांत काजव्याची खूण मादीस दिसत नाहीं. आणि चांगलें छायाचित्र मिळावें म्हणून जे झाडाखालीं शिरतात, ते नेमके माद्यांवर आणि अंड्यांवर पाय देऊन उभे राहतात. वनखात्यानें अलीकडे रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घातले आहेत, ते मला योग्य वाटतात. तथापि येऊंच नका, असेंहि मी म्हणूं शकत नाहीं. हिरड्याप्रमाणेंच हा हंगामहि आमच्या कित्येक घरांना चार पैसे मिळवून देतो. भाकरी-पिठलें करून घालणारी, वाट दाखविणारी आमचींच मुलें-मुली आहेत. त्यांतील कांहींना मीं शिकविलें आहे.

तेव्हां येणारांनीं आधल्या रविवारची गर्दी टाळून मधल्या वारीं यावें. मोटार गांवांत ठेवावी आणि गांवांतल्याच एखाद्या पोरास बरोबर घेऊन पायीं निघावें. विजेरी लागलीच तर तिला तांबडा कागद गुंडाळावा आणि ती पायांकडे धरावी. झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर थांबावें. पहिलीं पांच मिनिटें कांहींच दिसणार नाहीं; मुलें कंटाळतील, त्यांना घट्ट धरून ठेवावें. मग डोळे अंधारास सरावतात, आणि खालीं, अगदीं गवताच्या बुडाशीं, एखादा मंद, स्थिर ठिपका दिसूं लागतो. त्याच्या बाजूस पाऊल टाकूं नये.